कर्क हर्बस्ट्रीट : बाकावरची चार वर्षे आणि मायक्रोफोनसमोरची तीस

नदीकाठ (धागाकर्ता)

२००६ च्या ऑगस्टमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला गेलो, तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते. कोलंबसमध्ये ऑगस्टअखेर भाड्याची घरे बदलतात आणि लोक नको असलेले सोफे, दिवे, मायक्रोवेव्ह फुटपाथवर सोडून जातात. आम्हां तिघा मराठी मुलांना त्यातच एक चालू स्थितीतला व्हीसीआर सापडला. शनिवारचा सामना त्यावर मुद्रित करायचा आणि रविवारी पोळ्या लाटता लाटता पुन्हा पाहायचा, असा आमचा परिपाठ पडला. चेंडू खेळात येण्यापूर्वीच समालोचक सांगून टाकी की मागचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पुढे सरकला आहे, तेव्हा आता क्वार्टरबॅकवर (डाव चालवणाऱ्या, पास टाकणाऱ्या खेळाडूवर) धाड पडणार. आम्ही फीत मागे नेऊन पाहत असू, आणि पडद्याच्या अगदी कडेला एक माणूस खरोखरच चार पावले पुढे आलेला दिसे. तो समालोचक म्हणजे कर्क हर्बस्ट्रीट. पुढे कळले की तो आमच्याच विद्यापीठाचा, १९९२ सालचा क्वार्टरबॅक. त्यानंतर हेही कळले की या शहरातल्या बऱ्याच लोकांच्या तो डोळ्यांत खुपतो. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो हे मला पुष्कळ दिवस उमगत नव्हते, म्हणून हा धागा काढत आहे.

हर्बस्ट्रीटचा जन्म १९६९ चा, आणि शाळा झाली ती डेटनजवळच्या सेंटरव्हिलमध्ये. त्याचे वडील जिम हर्बस्ट्रीट १९६० साली ओहायो स्टेटचे सहकर्णधार होते, आणि पुढे वुडी हेज यांच्या हाताखाली त्यांनी तिथेच साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले. वुडी हेज म्हणजे काय हे ओहायोबाहेरच्या माणसाला सांगणे अवघड आहे. त्यांच्या नावाचा रस्ता स्टेडियमवरून जातो, एवढ्यावर भागवतो. आई-वडील मुलाच्या लहानपणीच विभक्त झाले, पण वडिलांच्या संघाचे वेड मात्र घरातून गेले नाही. अशा घरातला, शाळेत राज्यभर नाव कमावलेला मुलगा दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळण्याचा प्रश्नच नव्हता. १९८८ साली तो कोलंबसला दाखल झाला, आणि तिथे त्याच्या वाट्याला बाक आला.

पहिले वर्ष ‘रेडशर्ट’ म्हणून गेले, म्हणजे सराव सगळा करायचा, पण सामना खेळायचा नाही. त्या बदल्यात खेळण्यासाठी मिळणाऱ्या चार वर्षांतले एक वर्ष तेव्हा शिल्लक राहत असे. त्यानंतर ग्रेग फ्राय हा पक्का क्वार्टरबॅक होता. फ्राय गेल्यावर आपली पाळी येईल असे वाटावे, तर नोत्र दाम विद्यापीठ सोडून आलेला केंट ग्रॅहम १९९१ चा हंगाम खेळला. हर्बस्ट्रीटची पाळी आली ती १९९२ मध्ये, पाचव्या आणि शेवटच्या वर्षी. बचावफळीतला लाइनबॅकर स्टीव्ह टोव्हार याच्याबरोबर तो सहकर्णधारही झाला, वडिलांनंतर बरोबर ३२ वर्षांनी.

तो हंगाम फार मोठा नव्हता. आठ विजय, तीन पराभव, एक बरोबरी. पासमधून सुमारे १९०० यार्ड, आणि टचडाउनपेक्षा (चेंडू शेवटच्या रेषेपार नेण्यापेक्षा) इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास, जास्त. १ जानेवारी १९९३ रोजी फ्लॉरिडा सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने २१-१४ ने हरवले आणि तिथे त्याचे खेळणे संपले. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, निवडीत त्याचे नाव आले नाही.

पण त्यातली ती एक बरोबरी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २१ नोव्हेंबर १९९२, कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्धचा घरचा सामना. चौथ्या भागात ओहायो स्टेट ३-१३ असे मागे होते. आधी एक फील्ड गोल (लाथेने मिळवलेले तीन गुण) झाला. मग चौथ्या डाउनवर, म्हणजे चार प्रयत्नांतल्या शेवटच्या, आता नाही तर नाही अशा वेळी, हर्बस्ट्रीटने ग्रेग बीटीला टचडाउनचा पास दिला आणि त्यामागच्या एका गुणाच्या किकने १३-१३ झाले. दोन गुणांसाठी प्रयत्न करून पुढे जाण्याचा मार्ग प्रशिक्षक जॉन कूपर यांच्यापुढे खुला होता, तो त्यांनी घेतला नाही. सामना बरोबरीत सुटला. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन गी यांनी ही बरोबरी म्हणजे आपल्या थोर विजयांपैकी एक असल्याचे सांगितले, आणि त्या वाक्याची आजही थट्टा होते. कूपर यांची मिशिगनविरुद्धची एकूण कामगिरी दोन विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी अशी नोंदली गेली आहे. त्यातली ‘एक’ ही हर्बस्ट्रीटची.

पदवीनंतर बऱ्या पगाराच्या नोकरीकडे पाठ फिरवून त्याने कोलंबसच्या एका क्रीडा रेडिओ केंद्रावर तुटपुंज्या पैशांत बोलायला सुरुवात केली. १९९५ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीने त्याला मैदानाच्या कडेचा वार्ताहर म्हणून घेतले, आणि १९९६ मध्ये, नुकतेच २७ वे वर्ष पूर्ण झालेले असताना, तो ‘कॉलेज गेमडे’ या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात क्रिस फाउलर आणि ली कोर्सो यांच्या शेजारी जाऊन बसला. २००६ पासून एबीसी वाहिनीवर शनिवार रात्रीचे सामने ब्रेंट मसबर्गरबरोबर, २०१४ पासून फाउलरबरोबर, आणि २०२२ पासून त्याच्या जोडीला ॲमेझॉनवर गुरुवारचे एनएफएल सामने, अल मायकल्सबरोबर. म्हणजे गुरुवारी रात्री एका शहरात, शनिवारी सकाळी दुसऱ्या आणि त्याच रात्री पुष्कळदा तिसऱ्या.

मला वाटते ते असे. त्याचे समालोचन त्या एका हंगामातून आलेले नाही, त्याआधीच्या चार वर्षांतून आलेले आहे. राखीव क्वार्टरबॅकचे काम काय असते? पुढच्या शनिवारी ज्याच्याशी गाठ आहे त्या संघाची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव द्यायचा. सामन्यात कडेला उभे राहून हातवारे करून डाव कळवायचे. प्रत्येक डावात समोरचे कसे उभे राहिले याची मनात किंवा कागदावर नोंद ठेवायची. आणि मैदानातला क्वार्टरबॅक परत आला की त्याला काय दिसले नाही ते सांगायचे. आणि सांगायचे तेही असे की त्याचा मानभंग होणार नाही. यात चेंडू तेवढा हातात नसतो, बाकी समालोचकाचे सगळे काम आलेच.

ताम्हण

लेख आवडला. एक शंका आहे. क्वार्टरबॅकच समालोचनात एवढे का दिसतात? डॉन मेरेडिथ, ट्रॉय एकमन, टोनी रोमो, आता टॉम ब्रेडी, ही मंडळी एनएफएलमधल्या नावावर तिथे पोचली असे म्हणता येईल. पण महाविद्यालयीन फुटबॉलच्या समालोचनात तर एनएफएलमध्ये फारसे न चमकलेलेही आहेत. कोलोरॅडोचा जोएल क्लॅट आणि अलाबामाचा ग्रेग मॅकलरॉय ही लगेच आठवणारी नावे. बाकी जागांवर खेळणाऱ्यांना बोलता येत नाही असे तर नसेल. सामन्याच्या वेळी नेमके काय चालते, हे जरा उलगडून सांगाल का?

नदीकाठ (धागाकर्ता)

@ताम्हण, बाकीच्यांनाही बोलता येते. पण मैदानावरच्या अकरांपैकी दहांना स्वतःचे काम माहीत असले तरी पुरते, क्वार्टरबॅकला अकराही जणांचे माहीत असावे लागते.

चेंडू मागे दिला जाण्यापूर्वी, म्हणजे स्नॅपच्या आधी, क्वार्टरबॅकच्या हाती जेमतेम दहा-पंधरा सेकंद असतात. तो आधी पाहतो ते सर्वांत मागच्या सेफ्टींकडे. एकच सेफ्टी मधोमध उभा असेल तर कडेच्या बचावपटूंना मागून फारशी मदत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. दोघे असतील तर लांबचे पास अवघड, पण मधला पट्टा मोकळा सापडण्याची शक्यता. मग मधला लाइनबॅकर, ज्याला संघाच्या बोलीत ‘माइक’ म्हणतात, तो कोण हे बोट दाखवून ओरडून सांगायचे, कारण पुढच्या पाच जणांनी कुणाकुणाला अडवायचे हे त्यावर ठरते. जे दिसते त्यावरून ठरलेला डाव तसाच ठेवायचा की जागच्या जागी बदलायचा, याचा निर्णय त्यातच. आणि समोरचे लोक काही भोळे नसतात. ते मुद्दाम चुकीच्या जागी उभे राहतात आणि स्नॅपच्या क्षणी पळून खऱ्या जागी जातात. एवढे झाल्यावर प्रत्यक्ष पासला साधारण तीन सेकंद.

आता समालोचन कक्षाकडे या. तिथे दोघे असतात. एकाने काय घडले ते सांगायचे, दुसऱ्याने ते का घडले ते सांगायचे. डाव पाच-सहा सेकंदांत संपतो. पहिला माणूस कुणी चेंडू नेला, किती यार्ड मिळाले, आता कितवा डाउन, हे सांगतो. पुढचा डाव सुरू होईपर्यंत जो वेळ उरतो, त्यातले दहा-बारा सेकंद दुसऱ्याचे. बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसलेला निर्माता त्याच सेकंदांत पुनर्दृश्य दाखवणार असतो, आणि कोणत्या कोनातले दाखवायचे हे विश्लेषकाने त्याला आतल्या वाहिनीवरून आधी सांगितलेले असले तरच बोलणे आणि चित्र जुळते. म्हणजे काय घडणार याचा अंदाज विश्लेषकालाही स्नॅपच्या आधीच हवा. त्याने पाहायचे सेफ्टी, ओळखायचा ‘माइक’, आणि नजर चेंडूवर न ठेवता चेंडूपासून दूर ठेवायची. प्रेक्षक म्हणून आपण आयुष्यभर चेंडूमागे डोळे फिरवतो, त्यामुळे हे किती कठीण आहे ते एखादा सामना तसा पाहून बघा; पाच मिनिटांत डोके भणभणते.

शिवाय सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही प्रशिक्षकांशी बैठक असते. प्रशिक्षक तिथे बऱ्याच गोष्टी विश्वासाने सांगतात. त्यातले कोणते केव्हा बोलायचे आणि कोणते पोटात ठेवायचे, हे कळण्यासाठीही ड्रेसिंग रूममध्ये काही वर्षे काढलेली बरी.

शिवाजी पार्क

आपल्याकडची तुलना सुचते म्हणून लिहितो. बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले होते आणि आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन करत. त्यांचा कसोटीपटू म्हणून लौकिक नव्हता, पण ज्यांनी ते वर्णन ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकले त्यांना त्याने काही उणे वाटले नाही. पुढे दूरचित्रवाणीच्या काळात मात्र मोठ्या नावाचा आग्रह वाढला. गावसकर, शास्त्री, मांजरेकर एका बाजूला आणि मोठ्या पातळीवर न खेळलेले हर्षा भोगले दुसऱ्या बाजूला. हर्बस्ट्रीट या दोहोंपैकी कुठल्या खान्यात बसतो?

नदीकाठ (धागाकर्ता)

कुठल्याच नाही, आणि म्हणूनच मला त्याचे कुतूहल आहे. भोगले यांचे काम मुख्यतः संवाद पुढे नेण्याचे. गावसकरांच्या मतामागे दहा हजार धावा उभ्या. हर्बस्ट्रीटचे काम गावसकरांचे, पण पाठीशी एक हंगाम आणि एक बरोबरी. त्यामुळे ‘मी खेळत असताना’ हे शब्द त्याला फारसे वापरता येत नाहीत, आणि ऐकणाऱ्याचे त्यात नुकसान काहीच होत नाही. मोठा खेळाडू पुष्कळदा स्वतःच्या काळात अडकून पडतो. याच्याकडे अडकण्याजोगा काळच नव्हता.

खडीसाखर

सगळे कौतुकच चालले आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. विश्लेषक म्हणून तो तयारीचा आहे याबद्दल वाद नाही. पण ‘कॉलेज गेमडे’वर तो नुसता विश्लेषक नसतो, बातमीदारही होतो आणि मतप्रदर्शकही, आणि तिथे त्याच्या चुका लहान नाहीत.

१ डिसेंबर २००७ ची सकाळ आठवा. लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक लेस माइल्स मिशिगनला जाणार, अशी बातमी हर्बस्ट्रीटने दिली. त्याच दिवशी त्यांच्या संघाचा अटलांटामध्ये एसईसी या दक्षिणेकडच्या संघगटाचा अंतिम सामना होता. सामन्याला काही तास उरलेले असताना माइल्स यांना पत्रकारांपुढे येऊन, मी कुठेही जात नाही, असे रागारागाने सांगावे लागले. त्यांच्या संघाने टेनेसीला २१-१४ ने हरवले, मिशिगनने रिच रॉड्रिगेझ यांना आणले, आणि जानेवारीत माइल्स यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात कुणाला हरवावे? ओहायो स्टेटलाच, ३८-२४.

२०२० च्या डिसेंबरात, मिशिगन कोविडचे निमित्त करून ओहायो स्टेटविरुद्धचा सामना टाळू शकेल, असे तो बोलून गेला आणि त्याच दिवशी त्याला माफी मागावी लागली. पुढे तो सामना कोविडमुळे खरोखरच रद्द झाला, पण हेतूचा आरोप करणे वेगळे. १ जानेवारी २०२२ रोजी, बोलचे सामने सोडून देणाऱ्या खेळाडूंविषयी बोलताना, या पिढीचे खेळावर प्रेमच नाही असा सूर त्याने लावला. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने गुडघा फुटण्याच्या भीतीने एक सामना सोडला तर त्याच्या प्रेमाची मोजमापे काढणारे आपण कोण? एनएफएलमधले करोडो डॉलर त्या गुडघ्यावर अवलंबून असतात.

आणि २०२३ मध्ये १३ पैकी १३ सामने जिंकलेल्या फ्लॉरिडा स्टेटला वगळून अलाबामाला राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये घेतले गेले, तेव्हा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी असल्याचे कारण देऊन त्याने निवड समितीची बाजू घेतली. ज्या वाहिनीवर तो बोलतो तिने एसईसीचे सामने दाखवण्याचे हक्क घेतलेले आहेत. अलाबामा एसईसीचा संघ. त्याने मनापासून मत दिले असेलही. पण नि:पक्षपातीपणाचे श्रेय देताना पगार कुठून येतो हेही पाहावे.

नदीकाठ (धागाकर्ता)

@खडीसाखर, माइल्स यांच्या बाबतीत तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. ती बातमीदाराची चूक होती आणि क्वार्टरबॅकच्या भाषेत सांगायचे तर बचावाची मांडणी (कव्हरेज) न वाचता टाकलेला पास होता. खेळाडूंच्या प्रेमाविषयीचे बोलणे तर मला आजही खटकते. चार वर्षे बाकावर काढून संघ न सोडणाऱ्याला सगळ्यांनी तसेच वागावे असे वाटत असेल, पण आपल्या सोसण्याची फूटपट्टी दुसऱ्याला लावू नये हे त्याला तरी कळायला हवे होते.

फ्लॉरिडा स्टेटबद्दल मात्र थोडा मतभेद आहे. पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक नसला की संघ वेगळाच होतो, हे राखीव क्वार्टरबॅक म्हणून राहिलेल्या माणसाने म्हणावे यात मला वाहिनीपेक्षा अनुभव जास्त दिसतो. तेरा विजयांचा मान राखायला हवा होता, असे माझे स्वतःचे मत आहे. पण मत चुकीचे असणे आणि विकलेले असणे यात अंतर आहे.

आता मूळ कोड्याकडे येतो. विकलेला म्हणून त्याला सर्वांत जास्त शिव्या कुणी दिल्या असतील, तर त्या त्याच्याच गावाने. मी कोलंबसला होतो तेव्हा हाय स्ट्रीटवरच्या न्हाव्याच्या दुकानात हे नाव निघाले की कात्री थांबत असे. तक्रार एकच: हा आपला असून आपल्या बाजूने बोलत नाही. २०११ मध्ये तो बायको आणि चार मुलांसह कोलंबसजवळचे घर सोडून नॅशव्हिलला राहायला गेला, आणि त्याचे कारणही त्याने उघड सांगितले. बहुसंख्य चाहते चांगलेच आहेत, पण मूठभर लोक इतके पाठीस लागतात की तिथे राहणे अवघड झाले, असे ते होते. जिथे बाप कर्णधार, आपण कर्णधार, ते गाव फुटबॉलमुळेच सोडायचे. मराठी वाचकाला भावकी म्हटले की यापुढे काही समजावून सांगावे लागणार नाही.

प्राजक्त

मी कोलंबसच्या उत्तरेला एका उपनगरात राहते. ३० ऑगस्ट २०२५ रोजी ली कोर्सो यांचा शेवटचा ‘गेमडे’ आमच्या विद्यापीठात झाला, त्याला मी मुलीला घेऊन गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले लिहिते.

आम्ही पहाटे अंधारात पोचलो, तरी आमच्यापुढे प्रचंड गर्दी होती. विद्यार्थी रात्रीपासून चटया टाकून बसलेले. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्यावर रंगवलेला फलक, कारण मंचाच्या मागे उभे राहून तो फलक कॅमेऱ्यात आणणे हाच निम्म्यांचा उद्देश. त्या गर्दीत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा लाल झेंडाही असतो. तो २००३ पासून प्रत्येक कार्यक्रमात, मग तो कुठेही होवो, कुणीतरी फडकवतेच. माझ्या मुलीने पालखीसोबतच्या पताकांशी त्याची तुलना केली आणि मला ती पटली.

कोर्सो तेव्हा नव्वद वर्षांचे. तेही मूळचे खेळाडू, फ्लॉरिडा स्टेटचे क्वार्टरबॅक, आणि वसतिगृहात त्यांच्या खोलीत राहणारा मुलगा म्हणजे पुढे नट झालेला बर्ट रेनॉल्ड्स. कार्यक्रमाच्या शेवटी, जो संघ जिंकेल असे त्यांना वाटे, त्याच्या शुभंकराचे मुंडके ते डोक्यावर चढवत. ही प्रथा सुरू झाली ५ ऑक्टोबर १९९६ रोजी, इथेच, ओहायो स्टेटच्या ब्रूटसच्या मुंडक्याने. म्हणजे हर्बस्ट्रीटच्या पहिल्याच हंगामात. २००९ मध्ये कोर्सो यांना पक्षाघात झाला आणि बोलण्यावर परिणाम झाला. त्यानंतरची सोळा वर्षे शेजारी बसलेला हर्बस्ट्रीट त्यांचे अडलेले वाक्य कसे हळूच पुढे ढकलतो, हे दूरचित्रवाणीवर लक्ष देऊन पाहणाऱ्याला दिसत असे. शब्द स्वतः पुरवायचा, पण विनोदाचा शेवट त्यांचा त्यांना करू द्यायचा. नदीकाठ यांनी राखीव क्वार्टरबॅकबद्दल जे लिहिले आहे, मानभंग न करता सांगण्याचे, ते वाचताना मला नेमके हेच आठवले.

त्या दिवशी कोर्सो यांनी शेवटचे मुंडके घातले तेही ब्रूटसचेच, आणि दुपारी ओहायो स्टेटने टेक्ससला १४-७ ने हरवले. गर्दीत हर्बस्ट्रीटच्या नावाने कुणी ओरडल्याचे मी ऐकले नाही. उलट माझ्यापुढे उभ्या असलेल्या, पांढऱ्या केसांच्या, करड्या रंगाची जुनी जर्सी घातलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितले की ते ९२ च्या त्या सामन्याला स्टेडियममध्ये होते, आणि त्यांना हा पोरगा तेव्हाही आवडत नव्हता. बोलताना हसत होते.

ताम्हण

प्राजक्त, हे वर्णन सुरेख झाले आहे. त्याच मंचावर मिशिगनचा डेस्मंड हॉवर्डही असतो ना? १९९१ मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) ९३ यार्ड परत नेऊन ज्याने हाइझमन करंडकाच्या पुतळ्याची पोझ दिली होती, तोच?

प्राजक्त

हो, तोच, तो २००५ पासून आहे. तो सामना मिशिगनने ३१-३ असा जिंकला होता, आणि हर्बस्ट्रीट तेव्हा हरणाऱ्या संघाच्या बाजूला राखीव क्वार्टरबॅक. आता वीस वर्षे दोघे एका मेजावर बसतात. कोलंबसमध्ये कार्यक्रम असला की हॉवर्डच्या नावाने हुर्यो उडते, आणि तो हात उंचावून ती स्वीकारतो.

खडीसाखर

एक प्रश्न राहतोच. स्वतःच्या विद्यापीठाचे मोठे सामने त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने काय केले? निष्पक्ष असण्याची परीक्षा तिथे.

नदीकाठ (धागाकर्ता)

आले, आणि बरेच आले. २००६ साली ओहायो स्टेट पहिल्या आणि मिशिगन दुसऱ्या क्रमांकावर असताना झालेला सामना, ४२-३९. त्याच्या आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेंबेक्लर वारले होते. मी तेव्हा नवखा होतो, तिकीट परवडत नव्हते, म्हणून आमच्या त्या व्हीसीआरवर तो मुद्रित केला आणि नंतर इतक्या वेळा पाहिला की फीत वितळायची बाकी राहिली. १२ जानेवारी २०१५ रोजी पहिल्या प्लेऑफचे विजेतेपद ओहायो स्टेटने ओरेगनला ४२-२० ने हरवून मिळवले, तेव्हाही समालोचन कक्षात फाउलर आणि तोच. २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ ने हरवले तेव्हाही तेच दोघे. त्या हंगामात मिशिगनकडून १०-१३ असा पराभव झाल्यावर प्रशिक्षक रायन डे यांना हाकला म्हणणारा एक जमाव उठला होता. विजेतेपदानंतर त्या टोकाच्या चाहत्यांना हर्बस्ट्रीटने चांगलेच सुनावले. घरच्यांना सुनावणे हा पक्षपात धरायचा की नि:पक्षपातीपणा, हे खडीसाखर यांनी ठरवावे.

मला मात्र सर्वांत जास्त लक्षात राहिलेला सामना २६ नोव्हेंबर २०१६ चा आहे. तोपर्यंत मी अमेरिका सोडली होती आणि पुण्यात रात्री उशिरापर्यंत जागून तो पाहत होतो. तेच स्टेडियम, समोर तेच मिशिगन, आणि ठरलेला वेळ संपला तेव्हा १७-१७. ९२ मध्ये इथे खेळाडू हेल्मेट काढून घरी गेले असते. पण महाविद्यालयीन फुटबॉलमधली बरोबरी १९९६ च्या हंगामापासून नियमानेच बंद झाली, म्हणजे नेमकी ज्या वर्षी हर्बस्ट्रीट ‘गेमडे’वर आला त्या वर्षापासून. पहिल्या जादा सत्रानंतर २४-२४. दुसऱ्यात मिशिगनला तीनच गुण मिळाले. ओहायो स्टेटसमोर चौथा डाउन आणि एक यार्ड, जे. टी. बॅरेट चेंडू घेऊन घुसला आणि पुरेसा पुढे पोचला की नाही याचा निकाल चेंडूच्या लांबीवर आला. पंचांनी तो दिला, पुढच्याच डावात कर्टिस सॅम्युअल टचडाउनपर्यंत पळाला, आणि ३०-२७ झाले. मिशिगनचे लोक त्या मोजमापाबद्दल अजून भांडतात.

पंच ती जागा तपासत होते तेव्हा कक्षातला हर्बस्ट्रीट पुन्हा पुन्हा त्याच पुनर्दृश्याकडे जात होता. चोवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, याच संघाविरुद्ध, चौथ्या डाउनवर त्याच्या हातात चेंडू होता, हे त्या प्रक्षेपणात त्याच्या तोंडून काही माझ्या कानांवर आले नाही.